कॅसेटवरून उतरवलेले चित्रीकरण एडिटिंगमध्ये नीट दिसत नसेल तर

नाशिकच्या जुन्या वाड्यांतून फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या अनेक कुटुंबांच्या माळ्यावर आजही व्हीएचएस कॅसेटींचे एखादे खोके सापडते. त्यात घरातले लग्न असते, मुंज असते, चैत्रातल्या रामरथाची मिरवणूक असते, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या घेणारी गल्लीतली मुले असतात आणि क्वचित २००३ च्या सिंहस्थातले रामकुंडही असते. हे सारे संगणकावर उतरवून घेण्याचे काम आता बरेच जण घरच्या घरी करतात. मात्र उतरवलेली फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली की पडदा काळा राहतो, माणसे आडवी फुगलेली दिसतात, हलत्या हातांना फणीसारखे दाते फुटतात किंवा आवाज हळूहळू मागे पडत जातो, आणि मग कॅसेटच खराब झाली असावी असे समजून काम अर्धवट टाकले जाते. घरच्या आणि शेजाऱ्यांच्या कॅसेटी उतरवताना मला वारंवार दिसलेली गोष्ट वेगळी आहे. बहुतेक वेळा चित्र शाबूत असते. ते कसे वाचायचे याची नोंद फाइलमध्ये चुकीची असते, किंवा सॉफ्टवेअर ती चुकीची गृहीत धरते. म्हणून चित्राला हात लावण्याआधी त्याचे वाचन दुरुस्त करावे.

सर्वप्रथम मूळ फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. त्यानंतर फाइल व्हीएलसी प्लेयरमध्ये लावून पाहावी. व्हीएलसीमध्ये चित्र नीट दिसते आणि एडिटिंगमध्ये दिसत नाही, तर दोष वाचनाचा आहे. व्हीएलसीमध्येही तोच दोष दिसत असेल, तर तो बहुधा फाइल तयार होतानाच शिरलेला आहे आणि कॅसेट पुन्हा उतरवावी लागण्याची शक्यता आहे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की व्हीएलसी दात्यांसारखे काही दोष आपणहून लपवतो, त्यामुळे तिथे चित्र स्वच्छ दिसले म्हणजे फाइल निर्दोष आहे असे होत नाही. पक्की माहिती हवी असेल तर मीडियाइन्फो हे मोफत साधन उतरवून घ्यावे आणि त्यात कोडेक (चित्र आणि आवाज साठवण्याची सांकेतिक पद्धत), चित्राचा आकार, पिक्सेलचे प्रमाण, फ्रेमचा वेग, स्कॅनचा प्रकार आणि क्रम, एकूण फ्रेमची संख्या आणि आवाजाचा सॅम्पलिंग दर या नोंदी पाहून कागदावर उतरवाव्यात. ही पाच मिनिटे पुढचे पाच तास वाचवतात.

पडदा काळा, हिरवा, किंवा फक्त आवाज

एव्हीआय, एमओव्ही किंवा एमकेव्ही हे फाइलचे नाव म्हणजे केवळ डबा असतो. आत काय भरले आहे ते कोडेकवरून ठरते. कॅप्चर करणारे, म्हणजे कॅसेट संगणकावर उतरवणारे, जाणकार हफवाययूव्ही, लॅगॅरिथ, यूटी व्हिडिओ किंवा एफएफव्ही१ असे कोडेक वापरतात, कारण त्यांत चित्राचा एकही तपशील गमावला जात नाही. पण प्रत्येक एडिटिंग सॉफ्टवेअरला ते वाचता येतातच असे नाही. विंडोजवर एक खाचखळगा फार जणांना अडवतो. संगणकावर कोडेक बसवलेला असतो, जुन्या प्लेयरमध्ये फाइल चालतेही, पण तो कोडेक ३२-बिटचा असतो आणि एडिटिंगचे सॉफ्टवेअर ६४-बिटचे, त्यामुळे सॉफ्टवेअरला तो कोडेक दिसतच नाही. अशा वेळी त्याच कोडेकची ६४-बिट आवृत्ती बसवली की काम होते. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२-बिट प्रणालींचा आधार बंद झाला, त्यामुळे क्विकटाइम ७ च्या काळातल्या काही जुन्या फाइली तिथे उघडत नाहीत.

कोडेकच्या मागे फार न लागता एफएफएमपेग या मोफत रूपांतर-साधनाने फाइलची प्रोरेस ४२२ या एडिटिंगसाठी बनवलेल्या कोडेकमध्ये प्रत करून घेणे हा मला सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो, कारण प्रीमियर, डाव्हिंची रिझॉल्व्ह आणि मोफत मिळणारी केडेनलाइव्ह, शॉटकट ही सर्व सॉफ्टवेअर प्रोरेस वाचतात. रूपांतर करताना चित्राचा आकार बदलू नये, फ्रेमचा वेग बदलू नये आणि फाइल इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत विभागलेली) असेल तर ती तशीच इंटरलेस्ड ठेवावी. घाईने एमपी४ करून टाकण्याचा मोह आवरावा. व्हीएचएसच्या चित्रात मुळातच खर, म्हणजे बारीक ठिपक्यांची सळसळ, खूप असते आणि कमी बिटरेटचे (सेकंदाला कमी डेटा साठवणारे) एमपी४ त्या खरीचे चौकोनी ठोकळे करून ठेवते.

मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटच्या कॅमेऱ्यातून फायरवायर या केबलने घेतलेल्या फाइलमध्ये चित्र दिसते पण आवाज येत नाही, अशीही तक्रार येते. डीव्हीच्या एव्हीआय फाइली दोन प्रकारच्या असतात: पहिल्या प्रकारात चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात असतात, तर दुसऱ्यात आवाजाचा प्रवाह वेगळाही लिहिलेला असतो. पहिला प्रकार न समजणारे सॉफ्टवेअर आवाज सोडून देते. चित्राचे पुन्हा कॉम्प्रेशन न करता पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेता येते, त्यामुळे काहीही गमावले जात नाही.

रथाचे चाक गोल दिसते का

भारतातल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या आहेत. या पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ फ्रेम असतात, आणि संगणकावर उतरल्यावर चित्राचा आकार ७२०×५७६ होतो. आता ७२० ला ५७६ ने भागले तर १.२५ येते, पण जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ म्हणजे १.३३ प्रमाणाचा होता. हा फरक भरून निघतो तो पिक्सेलच्या आकारामुळे: या चित्रातले पिक्सेल चौरस नसून किंचित रुंद असतात, आणि प्रीमियरमध्ये त्यांचे प्रमाण १.०९४० असे दिलेले असते. सॉफ्टवेअरने पिक्सेल चौरस मानले तर माणसे उंच आणि सडपातळ दिसतात. उलट चित्र १६:९ चे आहे असे मानले तर तीच माणसे आडवी पसरतात.

चेहऱ्यावरून हे ओळखणे कठीण जाते, कारण डोळा दोन मिनिटांत चुकीच्या चेहऱ्याला सरावतो. त्यापेक्षा चित्रात समोरून घेतलेली एखादी गोल वस्तू शोधावी. माझ्याकडे आलेल्या एका कॅसेटमध्ये चैत्रातल्या कामदा एकादशीला निघणाऱ्या रथाचे चाक बाजूने, अगदी सरळ कोनातून चित्रित झाले होते. पडद्यावर पट्टी धरून त्या चाकाची उंची ११ सेंटीमीटर आणि रुंदी १० सेंटीमीटर भरली, तेव्हा पिक्सेल चौरस मानले गेले आहेत हे लगेच कळले. प्रीमियरमध्ये क्लिपवर उजवे बटण दाबून मॉडिफाय आणि त्यातले इंटरप्रेट फुटेज उघडल्यावर पिक्सेलचे प्रमाण बदलता येते. रिझॉल्व्हमध्ये हीच सोय क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये आहे. प्रमाण पालच्या ४:३ चे केले आणि चाक दोन्ही बाजूंनी सारखे भरले. चाक नसेल तर औक्षणाचे ताट, भिंतीवरचे घड्याळ किंवा जेवणाच्या पंगतीतली स्टीलची वाटी चालते. मात्र ती तिरक्या कोनातून घेतलेली नसावी.

चित्राच्या डाव्या-उजव्या कडांना काळ्या उभ्या पट्ट्या दिसल्या तर घाबरू नये. खरे ४:३ चित्र ७२० पैकी साधारण ७०२ पिक्सेलांत सामावलेले असते आणि उरलेली जागा कडांसाठी राखीव असते. दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ पिक्सेल कापून चित्र चौरस पिक्सेलांत नेले की त्याचा आकार बरोबर ७६८×५७६ होतो. तळाशी दिसणारी फाटक्या, सरकलेल्या ओळींची अरुंद पट्टी हासुद्धा बिघाड नाही. व्हीसीआरमधली फीत वाचणारी फिरती हेडे एकमेकींकडे काम सोपवतात तिथे ती उमटते, आणि जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड लपवत असल्याने ती कोणाला दिसत नसे. ती कापून चित्र ताणण्यापेक्षा तिच्यावर काळी पट्टी झाकावी.

फणीचे दाते आणि रहाडीतली उडी

सर्वांत जास्त गोंधळ या एका दोषाभोवती असतो, म्हणून त्याकडे सावकाश पाहिले पाहिजे. पाल चित्रातली प्रत्येक फ्रेम दोन फील्डची बनलेली असते. एका फील्डमध्ये एकाआड एक अशा २८८ ओळी असतात आणि दुसऱ्यात उरलेल्या २८८; आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की ही दोन फील्ड एकाच क्षणाची नसून त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. जुना टीव्ही ती एकामागून एक दाखवत असे. संगणकाचा पडदा मात्र दोन्ही एकदम दाखवतो, आणि तेवढ्या वेळात हात पुढे सरकलेला असेल तर त्याच्या कडेला दाते दिसतात. म्हणजे थांबवलेल्या फ्रेममध्ये हलत्या वस्तूला एकेका ओळीचे बारीक, धारदार दाते दिसणे हे फाइल निरोगी असल्याचे लक्षण आहे. काळजी करावी ती दाते जाड, पुसट किंवा वरखाली लाटांसारखे दिसले तर. त्याचा अर्थ असा, की कुठल्यातरी टप्प्यावर इंटरलेस्ड चित्राची उंची बदलली गेली आणि दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळली. ५७६ ओळींचे ४८० किंवा ७२० करणारे कॅप्चर सॉफ्टवेअर हेच करते. मिसळलेली फील्ड पुन्हा वेगळी करता येत नाहीत. तिथे कॅसेट नव्याने उतरवणे हाच उपाय आहे.

दुसरा प्रश्न कोणते फील्ड आधी दाखवायचे याचा. डीव्ही फाइलमध्ये खालचे फील्ड आधी असते, तर इतर बहुतेक पाल कॅप्चरमध्ये वरचे. सॉफ्टवेअरने क्रम उलटा धरला तर स्थिर दृश्य अगदी व्यवस्थित दिसते आणि हालचाल तेवढी थरथरते, त्यामुळे लोक कॅमेरा हलला असे समजतात. याची परीक्षा घेण्यासाठी वेगवान, एकाच दिशेने जाणारी हालचाल निवडावी. रंगपंचमीच्या एका कॅसेटमध्ये रहाडीच्या काठावरून एक मुलगा पाण्यात उडी घेतो, ती जेमतेम एका सेकंदाची उडी मी यासाठी अनेकदा वापरली आहे. एफएफएमपेगमधल्या बीडब्ल्यूडीआयएफ या फिल्टरने प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम करून सेकंदाला ५० फ्रेमची छोटी चाचणी फाइल बनवली आणि ती एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली. क्रम उलटा असताना मुलाचे पाय पाण्याच्या दिशेने जात, मग थोडे वर येत, पुन्हा खाली जात. क्रम बदलून तीच चाचणी घेतल्यावर पाय प्रत्येक फ्रेमला खालीच गेले आणि शेवटी गुलाबी पाण्याचा फवारा उठला. या परीक्षेनंतर शंकेला जागा राहत नाही. बरोबर क्रम इंटरप्रेट फुटेजमध्ये भरावा आणि सिक्वेन्सही (क्लिपा जोडण्याची टाइमलाइन) त्याच क्रमाचा, ७२०×५७६, २५ फ्रेमचा घ्यावा. चित्र एका ओळीने वर किंवा खाली सरकवले तरी हा क्रम उलटतो, म्हणून वरून कापायच्या असतील तर ओळी नेहमी सम संख्येने कापाव्यात.

तयार झालेला व्हिडिओ फोनवर आणि संगणकावरच पाहिला जाणार असेल, आणि आज तो तिथेच पाहिला जातो, तर एडिटिंगच्या आधीच डीइंटरलेस करून, म्हणजे प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करून, ५० फ्रेमची प्रत बनवावी आणि ५० फ्रेमच्याच सिक्वेन्समध्ये काम करावे असे माझे मत आहे. अनेक एडिटिंग सॉफ्टवेअरमधली तयार सोय एक फील्ड फेकून देते किंवा २५ फ्रेमवर आणते, आणि लेझीम खेळणाऱ्या पथकाची अर्धी हालचाल त्यात नाहीशी होते. वेळ आणि चिकाटी असेल तर एव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथ या स्क्रिप्टने चालणाऱ्या साधनांमधले क्यूटीजीएमसी हे डीइंटरलेसचे फिल्टर वापरावे. ते संथ चालते, पण व्हीएचएसच्या चित्रावर त्याचे काम पाहून समाधान वाटते. चित्र मोठे करायचे असेल तर ते डीइंटरलेस झाल्यानंतरच करावे, त्याआधी कधीही नाही.

रंग गेलेला, किंवा पांढरे जळालेले

चित्र कृष्णधवल आले असेल तर एडिटिंगमध्ये रंग शोधत बसू नये. एकतर कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी जोडणी) निवडलेले असते आणि वायर पिवळ्या कंपोझिटची लावलेली असते, किंवा पद्धत पालऐवजी एनटीएससी राहिलेली असते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटी मात्र खरोखरच एनटीएससीच्या, म्हणजे ५२५ ओळींच्या आणि सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या असतात. आपल्याकडचे अनेक व्हीसीआर त्या पाल टीव्हीवर दिसाव्यात म्हणून एक मिश्र सिग्नल बाहेर काढतात; टीव्ही तो स्वीकारतो, कॅप्चर कार्ड मात्र गोंधळते आणि चित्र रंगहीन होते किंवा गडगडत वर सरकते. अशा कॅसेटीसाठी खरा एनटीएससी सिग्नल देणारा व्हीसीआर मिळवावा लागतो.

उजेडाचा दोष याहून सूक्ष्म असतो. डिजिटल व्हिडिओत काळ्यासाठी १६ आणि पांढऱ्यासाठी २३५ हे अंक ठरलेले आहेत. सॉफ्टवेअरने ते ० ते २५५ असे मानले तर चित्र धुरकट, राखाडी दिसते. याच्या उलट चूक झाली तर सावल्या काळ्याठिक्कर होतात. घरगुती कॅमेऱ्याने भर उन्हात घेतलेले पांढरे बऱ्याचदा २३५ च्याही वर गेलेले असते, आणि मुंजीतल्या भटजींचे उपरणे किंवा आजोबांचे धोतर नुसता पांढरा डाग होऊन बसते. तिथे वेव्हफॉर्म स्कोप (चित्राचा उजेड आलेखात दाखवणारी खिडकी) उघडून हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, खाली ओढून पाहावेत. घड्या आणि काठ उमटू लागले तर तपशील फाइलमध्ये आहे आणि तो वाचवता येतो. सगळा भाग एकसारखा राखाडी झाला तर तो कॅप्चर करतानाच कापला गेला आहे. पुन्हा उतरवताना कॅप्चर कार्डाच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट थोडा कमी ठेवावा. लाल रंग कडांबाहेर पसरतो तो व्हीएचएसचा स्वभावच आहे, कारण त्या फितीवर रंगाचा तपशील अगदी थोडा साठवला जातो.

अक्षता आणि आवाज

आवाजाचा मेळ तपासायला लग्नाच्या कॅसेटइतके चांगले साधन नाही. 'सावधान' हा शब्द संपतो आणि अक्षता उडतात, हा क्षण सुरुवातीच्या मंगलाष्टकाला पाहावा आणि शेवटच्या मंगलाष्टकालाही पाहावा. कॅसेटच्या अगदी शेवटी टाळ्या, दाराचा आवाज असे काहीतरी शोधावे. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर आवाजाची पट्टी टाइमलाइनवर तेवढी सरकवली की काम झाले.

फरक समान गतीने वाढत असेल तर चित्राचे आणि आवाजाचे घड्याळ वेगवेगळे चालले आहे. नव्वद मिनिटांच्या, म्हणजे ५,४०० सेकंदांच्या फाइलमध्ये शेवटी आवाज १.८ सेकंद मागे पडला असेल, तर आवाजाचा वेग १००.०३३ टक्के केला की तो जुळतो, आणि एवढ्या बदलाने सनईचा सूर बदललेला कानाला कळत नाही.

फरक मात्र टप्प्याटप्प्याने, झटक्यासरशी वाढत असेल तर कॅप्चर होताना फ्रेम गळालेल्या आहेत. हे मोजता येते. एका तासाच्या पाल फाइलमध्ये बरोबर ९०,००० फ्रेम असायला हव्यात. त्याऐवजी मीडियाइन्फोमध्ये ८९,७३० दिसल्या, तर २७० फ्रेम कमी आहेत, आणि २७० ला २५ ने भागल्यावर चित्र आवाजापेक्षा १०.८ सेकंद आखूड झाले हे कळते. अक्षता आधी पडतात आणि 'सावधान' नंतर ऐकू येते. गळती बहुधा कॅमेरा बंद-चालू केलेल्या जागी किंवा कोऱ्या फितीवर होते, कारण तिथे सिग्नल क्षणभर तुटतो. चारपाच जागी झटके असतील तर प्रत्येक ठिकाणी आवाज कापून जुळवावा. जास्त असतील तर व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर (सिग्नलच्या वेळेतले चढउतार सारखे करणारे उपकरण) लावून नव्याने कॅप्चर करावे. चित्राचा वरचा भाग बाजूला वाकलेला दिसत असेल तर त्यावरही ओळी सरळ करणारा करेक्टर हाच उपाय आहे. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता फिरवून पुढे नेला तरी हे वाकणे बरेच सरळ होते.

पडद्याचे रेकॉर्डिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरने फाइल बनवली असेल तर मीडियाइन्फोमध्ये फ्रेमचा वेग बदलता असल्याची नोंद सापडू शकते. अशी फाइल टाइमलाइनवर घेण्याआधी ती एफएफएमपेगने स्थिर वेगाची करून घ्यावी.

पुन्हा उतरवायची वेळ आली तर

कोणी पंधरा-वीस वर्षांपूर्वी कॅसेटची व्हीसीडी करून घेतली असेल तर तिच्यावर मेहनत करू नये. तिचे चित्र फक्त ३५२×२८८ आकाराचे असते आणि कॅसेट जिवंत असेल तर तिच्यातच अधिक तपशील आहे. एकदा एका स्टुडिओने उतरवून दिलेल्या फाइलवर मी तीन रात्री घालवल्या, आणि मग लक्षात आले की चित्र आधीच मिसळलेले आहे. मूळ कॅसेट घरी ठेवलेली होती म्हणून ते लग्न वाचले. त्यामुळे फाइल मिळाली म्हणून कॅसेट टाकून देऊ नका, अशी माझी प्रत्येकाला कळकळीची विनंती असते.

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी तिच्या खिडकीतून फितीच्या कडा उजेडात पाहाव्यात. नाशिकच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटींवर पांढरी भुरकट बुरशी धरते. तशी दिसली तर कॅसेट अजिबात चालवू नये, कारण ती बुरशी हेडांवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. कॅसेट स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. पद्धत पाल, आकार ७२०×५७६, वेग २५, डीइंटरलेस बंद, आवाज ४८ किलोहर्ट्झ असे ठेवून आधी फक्त दोन मिनिटांचा, भरपूर हालचाल असलेला तुकडा उतरवावा आणि तो मीडियाइन्फोमध्ये आणि एडिटिंगच्या टाइमलाइनवर तपासावा. डीव्हीत एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, आणि कॉम्प्रेशन न करता घेतले तर सुमारे ७५ जीबी. डिस्कवर तेवढी जागा आहे याची खात्री करून, तुकड्यातली वस्तू गोल आणि हालचाल सलग दिसल्यावरच तीन तासांची कॅसेट सुरुवातीला आणून पूर्ण उतरवायला लावावी.